कोंबडीतले ‘हार्मोनचे पाणी’ आणि दहा मिनिटांची वाफ

गेल्या रविवारी आईने मोदकपात्रात चिकनच्या तंगड्या मोजून दहा मिनिटे वाफवल्या आणि खाली साचलेला सगळा रस मोरीत ओतून दिला. कारण विचारल्यावर तिने मावशीने पाठवलेला व्हॉट्सॲपवरचा संदेश दाखवला. वाफेमुळे कोंबडीला टोचलेले हार्मोन खालच्या पाण्यात उतरतात, मांस पांढरे दिसले की दहा मिनिटांत शिजते, त्यात कोलेस्टेरॉल उरत नाही आणि आधी नळाखाली खळखळून धुतल्यास जंतू जातात, असे त्यात ठामपणे लिहिले होते.

यातला पहिला दावा सर्वांत निराधार आहे. वाढीचे हार्मोन हे प्रथिन असल्यामुळे खाद्यातून दिले तर ते पचून जाते, आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला पुन्हा पुन्हा इंजेक्शन देणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो मुख्यतः पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीसाठी जलद वाढणारे पक्षी निवडल्यामुळे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957, 1978 आणि 2005 सालचे कोंबड्यांचे वाण एकाच खाद्यावर वाढवून 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले; 56 दिवसांनी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम भरली. मग आईने ओतून दिले ते काय होते? मांसातून उतरलेली ब गटातली जीवनसत्त्वे, क्षार आणि चव, म्हणजे आम्हाला तापात ती स्वतःच वाटीतून पाजत असे ती अळणी.

कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची (अँटिबायोटिक्सची) भीती मात्र खोटी नाही, हे मान्य करावे लागते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2014 मध्ये त्या परिसरातील कोंबडीचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत त्यांचे अंश सापडले होते. पण त्यावर वाफवणे हा भरवशाचा उपाय नाही. तो बंदोबस्त पोल्ट्रीतच व्हायला हवा.

वाफवताना तेल लागत नाही आणि मांस करपत नाही, एवढा फायदा खरा आहे. कोलेस्टेरॉल मात्र मांसातच राहते.

मला सर्वांत जास्त राग आला तो दहा मिनिटांच्या सल्ल्याचा, कारण ते चिकन माझ्या सत्तरीतल्या, मधुमेही वडिलांच्या ताटात पडणार होते. हाडाजवळचा भाग सर्वांत शेवटी तापतो, त्यामुळे बाहेरून पांढरी झालेली तंगडी आतून कच्ची असू शकते आणि साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू तिथे जिवंत राहू शकतात. उलट कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग झिरपून पुरते शिजलेले मांसही गुलाबी दिसते, म्हणून रंगावर विसंबूच नये. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसलेल्या थर्मामीटरवर 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. अखंड तंगडीला त्यासाठी अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. नळाखाली धुण्याने तर जंतू निघून न जाता शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर पसरतात. ते मारण्याचे काम ही पुरेशी उष्णताच करते.