खुनी पहिल्याच वाक्यात सांगितला, तरी

सध्या एक मत फार फिरतंय: ब्रिटिश रहस्यकथा म्हणजे शब्दकोडं. खुनी कळला की पुस्तक रद्दीत. माणसाचं मन आणि समाज या प्रकारात आणले ते स्वीडन-नॉर्वेच्या लेखकांनी. इंग्रज आपले बंगला, चहा आणि विषातच रमले.

आधी ते ‘खुनी कळला की संपलं’. रूथ रेंडेलची १९७७ची ‘अ जजमेंट इन स्टोन’ घ्या. युनिस पार्चमननं कव्हरडेल कुटुंबाला मारलं, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे पहिल्याच वाक्यात सांगून बाई मोकळ्या होतात. (तेव्हा रहस्य फोडल्याचा आळ माझ्यावर नको.) पुढे आपल्याला धरून ठेवते ती युनिसची धास्ती. पुस्तकांनी भरलेल्या घरात ती कामाला आहे. साधी चिठ्ठीसुद्धा तिच्यासाठी संकट. चष्म्याची सबब ठरलेली. एक दिवस घरातली मुलगी मेलिंडा तो चष्मा हातात घेते, तर काचा साध्या! ‘तुम्हाला डिस्लेक्सिया आहे का?’ ती विचारते, म्हणजे वाचताना अक्षरांचा गोंधळ होतो का. हा डोळ्यांचाच काहीतरी आजार असणार असं समजून युनिस मोठ्या आशेनं ‘हो’ म्हणते. मेलिंडा मनानं भली, शिकवायलाही तयार. युनिसला नेमकं तेच सहन होत नाही. हे कोडं असेल, तर त्याचं उत्तर शेवटच्या पानावर नाही.

समाज नाही म्हणता? अगाथा ख्रिस्तीबाईंची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ १९५०ची. युद्ध संपून पाच वर्षं झाली, तरी रेशन चालूच. गावात लोणी-अंड्यांची गुपचूप देवघेव चालते आणि परदेशातून आश्रयाला आलेल्या स्वयंपाकिणीचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलचं निरीक्षण असं, की पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कुठला हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आता माणूस स्वतःबद्दल सांगेल तेवढंच खरं धरायचं. गुन्हा घडू शकतो तो याच फटीतून. ही फट गाळली, तर कथानकच उभं राहत नाही.

पुठ्ठ्याच्या पात्रांच्या कादंबऱ्याही तिथे ढिगानं निघाल्या, हे कबूल. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकारानं १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियमच घालून दिले होते, खेळाचे असावेत तसे. पण दोनच वर्षांनी फ्रान्सिस आइल्सनं ‘मॅलिस अफोरथॉट’ची सुरुवातच केली ती बायकोला मारायचं ठरवून बसलेल्या डॉक्टरपासून.

राहिला स्वीडनचा मान. श्योवाल आणि व्हालो या तिथल्या लेखकजोडीची पोलीस-कादंबऱ्यांची मालिका १९६५ला सुरू झाली. थोरच आहे ती. इंग्रज लेखक विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ मात्र १८६८ची. तिच्यातला हिरा १७९९मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्यानं रक्त सांडून बळकावलेला. पुढे इंग्लंडातल्या बंगल्यातून तो नाहीसा होतो, तेव्हा सगळे चोर शोधायला धावतात. पहिली चोरी प्रस्तावनेतच होऊन गेलेली असते.