मितोच्या शाळेत नुसत्या तलवारी नव्हत्या

जपानला निघालेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘मितो शहरातलं कोदोकान म्हणजे सामुराईंचा तलवारबाजीचा आखाडा. ज्युदो इथेच जन्मला. शेजारची कैराकुएन बाग फक्त उमरावांसाठी. एप्रिलमध्ये जा, चेरी बघा. सगळं जसंच्या तसं आहे.’

आधी ज्युदो. ते कोदोकान तोक्योतलं, 1882 साली कानो जिगोरो यांनी काढलेलं. उच्चार एकच, पण जपानी लिपीत पहिलं अक्षर वेगळं. विषय संपला.

आखाडा? मितोचे सरदार तोकुगावा नारिआकी यांनी 1841 साली काढलेल्या या शाळेत तलवार आणि घोडेस्वारी होतीच. पण कन्फ्यूशियसचे ग्रंथ, गणित, खगोल, वैद्यक, संगीतही होतं. पंधराव्या वर्षी प्रवेश, आणि पदवी नावाची भानगडच नाही, चाळिशीपर्यंत शिकायचं. आपल्याला चष्मा लागतो त्या वयात तिथे हजेरी सुटायची!

बाग शेजारी नाही; शाळेपासून तिथे बसने जावं लागतं. पण जोडी खरी: शाळेत ताण, बागेत सैलावणं, अशी नारिआकींचीच योजना. 1842 साली खुली झालेल्या या बागेच्या नावाचाच अर्थ ‘सर्वांसोबत आनंद’. ज्या तारखांच्या शेवटी 3 किंवा 8 येई, त्या दिवशी सामान्य लोकांनाही आत सोडत.

चेरीची झाडं आहेत, पण मान ‘उमे’चा, जर्दाळूच्या भाऊबंदाचा. बागेत सुमारे 3,000 झाडं, शंभरेक जाती. शाळेच्या आवारात आणखी शेकडो. बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलमध्ये गेलात तर उमेची नुसती पानं बघून याल. उमेच का? थंडीत आधी फुलतं, फळं मिठात मुरवून अडीअडचणीसाठी साठवता येतात. शिवाय जुन्या चिनी कथेनुसार राजा अभ्यासाला बसला की हे झाड फुलायचं, म्हणून त्याला ‘विद्याप्रिय झाड’ म्हणतात. बागेतला वाडा ‘कोबुनतेई’ त्याच नावाचा.

आणि जसंच्या तसं? तो वाडा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, नंतर पुन्हा बांधला. शाळेचा बराच भाग त्याआधीच, 1868 च्या लढाईत गेला. उरलं ते मुख्य दार, मुख्य इमारत आणि शिझेनदो नावाची इमारत. शेवटचे शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी शासक, योशिनोबू लहानपणी याच शाळेत शिकले आणि सत्ता सोडल्यावर 1868 मध्येच याच शिझेनदोत स्वतःला कोंडून राहिले. ते गेल्यावर काही महिन्यांनी लढाई पेटली. दाराच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. त्या परक्या शत्रूच्या नाहीत, मितोच्याच दोन गटांच्या आहेत.