काही नाही म्हणता, मग 'एरर' म्हणून बोंबलता कशाला?

चालू होतो. हो, माझा लॅपटॉप चालू होतो. हे वाक्य आता कुणीही मला ऐकवू नका. गेल्या आठ दिवसांत ते मुलाने ऐकवलं, नवऱ्याने ऐकवलं, दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने ऐकवलं. "चालू होतो ना? मग काय प्रॉब्लेम आहे?" प्रॉब्लेम हा आहे की चालू होण्याआधी तो रोज माझ्या तोंडावर चार ओळी फेकतो आणि त्यांतल्या प्रत्येक ओळीत 'एरर' हा शब्द असतो.

झालं काय, तर दिवाळी अंकांची प्रुफं यायच्या आत यंत्र ठाकठीक करून घ्यावं म्हणून रविवारी उबुंटू (माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी असलेलं लिनक्स) २२.०४ चं २४.०४ केलं. (तीन अंक आहेत यंदा. एकाचे संपादक तर अनुस्वार हा वैयक्तिक आवडीचा प्रश्न मानतात. पण तो राग वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.) सकाळी पोहे उरकून बसले ते दुपारचे दोन वाजले. मधे एकदा लाइट गेली, इन्व्हर्टरने तारलं. अधूनमधून पडदा काहीतरी विचारायचा, मी एंटर मारायची. अपग्रेड पार पडलं, रिस्टार्ट केलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी आल्या. दीड सेकंद, फार तर दोन. मग लॉगिनचा पडदा, जणू काही घडलंच नाही.

दीड सेकंदात माणूस काय वाचणार? 'एरर' तेवढं वाचलं आणि पोटात गोळा आला. डिस्कवर तीस वर्षांच्या कामाच्या फायली आहेत. सात वेळा रिस्टार्ट केला, दर वेळी एखादा शब्द जास्त हाती लागायचा. शेवटी शब्दकोशांच्या थप्पीला मोबाइल टेकवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. नवरा दारातून बघत होता. म्हणाला, "मुहूर्ताचा शॉट का?"

व्हिडिओ थांबवत थांबवत वहीत उतरवलं ते असं. एसीपीआय बायोस एरर, कंसात बग, कुड नॉट रिझॉल्व्ह सिम्बॉल, मग चौकटी कंसात पीसी झिरो झिरो डॉट एक्सएचसीआय डॉट आरहब डॉट एचएस अकरा, एई नॉट फाउंड, शेवटी २०२३०६२८. दुसरी ओळ त्याच दुःखाची पुरवणी. तिसरी-चौथी म्हणजे तेच पुन्हा, फक्त अकराच्या जागी बारा.

मी आपली तो आठ आकडी नंबर घेऊन शोधत सुटले. मला वाटलं एररचा नंबर असणार, औषधाच्या बाटलीवर असतो तसा. जगभरातल्या लोकांची दुखणी निघाली. कुणाचा आवाज गेलेला, कुणाचा टचपॅड, कुणाचा पंखा थांबेना, आणि सगळ्यांच्या पडद्यावर माझाच नंबर! रात्री साडेअकराला उजेड पडला की तो नंबर ही तारीख आहे. २०२३, सहावा महिना, अठ्ठावीस. यंत्राचे तक्ते वाचणाऱ्या कोडच्या आवृत्तीची तारीख (तक्ते कसले, ते पुढे सांगते). ज्याचा कर्नल (लिनक्सचा गाभा) तो, त्याच्या पडद्यावर तीच. म्हणजे ताप आलेल्या शंभर लोकांच्या कॅलेंडरवर एकच तारीख आहे म्हणून मी तारखेलाच रोग समजत होते. तीन तास गेले त्यात. तीन!

मुलाला फोन केला. पुण्यात आयटीत आहे. "अगं आई, हार्मलेस आहे ते. इग्नोर कर ना." हार्मलेस आहे हे तुला कसं कळलं? "सगळ्यांना येतं ते." सर्दीही सगळ्यांना होते. "आई, तू लॉग कशाला वाचतेस पण?" अरे, मी वाचायला नाही गेले, तेच माझ्या तोंडासमोर आले! मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

मंगळवारी दुकानात गेले. तिथल्या पोराने व्हिडिओ बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "काकू, रॅम काढून खोडरबरानं घासून बघू." ह्या देशात संगणकाला काहीही झालं की आधी रॅम खोडरबराने घासतात. आधी विचार तरी कर की रॅमचा संबंध काय! मी रात्रभर मेमटेस्ट लावून आले होते, शून्य चुका. डिस्कचीही तपासणी केली होती, तीही पास. त्याला सांगितलं तर म्हणतो, मग मदरबोर्ड असेल, ठेवून जा दोन दिवस. ठेवते! प्रुफं काय पाटीवर तपासू?

मग इंटरनेटवरचे ज्ञानेश्वर. एकाने ठामपणे लिहिलेलं, ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, फायलीत 'एसीपीआय बरोबर ऑफ' एवढं घाला, एरर गायब. घातलं. एरर खरंच गायब. त्याबरोबर टचपॅड गायब, बॅटरीचं चिन्ह गायब. बंद करायला गेले तर पडदा काळा झाला पण पंखा आपला घूं घूं चालूच, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरून त्याचा गळा आवळला. डोकं दुखतंय म्हणून डोकंच काढून ठेवायचा उपाय हा. आणि खाली अकरा जणांनी त्याला धन्यवाद दिलेत!

बुधवारी रात्री प्रुफं बाजूला ठेवून मुळापासून वाचायला घेतलं. एसीपीआय हे प्रकरण १९९६ च्या डिसेंबरातलं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून ठरवलेली पद्धत. लॅपटॉप बनवणाऱ्याने बायोसमध्ये, म्हणजे चालू करताच सगळ्यांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्राममध्ये, तक्ते भरून ठेवायचे, बॅटरी कुठे, पंखा कुठे, झाकण मिटलं की काय करायचं, यूएसबीची भोकं किती आणि कोणती. त्या तक्त्यांत नुसती यादी नसते, बारके बारके प्रोग्रामही असतात. चालू होताना कर्नल ते वाचतो आणि यंत्राची ओळख करून घेतो. माझ्या ओळीतला आरहब म्हणजे यूएसबीचा मूळ हब, एचएस अकरा म्हणजे त्याचं अकरावं यूएसबी २ चं पोर्ट, म्हणजे भोक.

आता माझ्या लॅपटॉपला बाहेरून भोकं तीन. आत कॅमेरा, ब्लूटूथ धरलं तरी अकरा-बारापर्यंत मजल जात नाही. मग हे अकरावं-बारावं आलं कुठून? जे समजतंय त्यावरून असं दिसतं की कंपनीने एकच तक्ता लिहून पाच-सात मॉडेलांत ढकलला. मोठ्या भावात ती पोर्टं असतील, माझ्यात नाहीत. एका तक्त्यात 'अकरावं पोर्ट बघा' असं लिहिलंय आणि दुसऱ्या तक्त्यात अकरावं पोर्टच नाही.

हा प्रकार मी ओळखते हो! मागच्या वर्षीच्या अंकाची अनुक्रमणिका तशीच ठेवून नवा अंक छापायला काढतात ना, तोच हा प्रकार. 'लेख पृष्ठ २१४ वर', आणि अंक दोनशे पानांत संपतो. कर्नल बिचारा माझा व्यवसायबंधू निघाला. समासात खूण करतोय, असं पान नाही, असं पान नाही. कंसातला तो 'बग' शब्दही बायोसला उद्देशून आहे, हे समजल्यावर तर मला त्याच्याबद्दल माया वाटली.

पण बाबा, समासातली खूण छापखान्याला जाते! वर्गणीदाराला नाही! मी वर्गणीदार आहे. मी पैसे मोजून अंक घेतलाय. चूक कंपनीची, सापडली कर्नलला आणि ठणाणा माझ्या कानाशी, जिच्या हातात त्यातलं काडीमात्र बदलणं नाही. आमच्या सोसायटीत एक पांढरी गाडी आहे, बोनेटवर मांजर बसलं की कोकलते. मालक चौथ्या मजल्यावर गाढ झोपलेला. जागे आम्ही.

त्यातही विनोद बघा. ग्रबच्या फायलीत आधीपासून 'क्वायट' असा शब्द असतो. मराठीत सांगायचं तर गप्प बस. तरी हा बोलतो. का, तर कर्नलच्या निरोपांना शून्य ते सात अशा आठ पायऱ्या, शून्य म्हणजे घर जळतंय आणि सात म्हणजे नुसती बडबड. 'क्वायट' म्हटलं की चारच्या खालचं तेवढं पडद्यावर येतं. एरर तिसऱ्या पायरीवर. म्हणजे नसलेल्या भोकाची तक्रार आणि डिस्क मरतेय ही बातमी एकाच पंक्तीला जेवतात! ज्याला हार्मलेस म्हणायचं त्याला खालच्या पंक्तीत बसवा की. बसवत नाहीत. मग मला म्हणायचं इग्नोर कर. आज हे इग्नोर करायला शिकले, तर उद्या पाचवी ओळ खरी आली तर ती मला दिसणार आहे का?

कंपनीलाही फोन लावला, कारण मी तशी आहे. बायोसची नवी आवृत्ती साइटवर आहे, पण फाइल विंडोजवरच चालणारी. लिनक्समधून बायोस बदलायची सोय काही कंपन्या देतात, ह्यांनी माझ्या मॉडेलला दिलेली नाही. फोनवरचा मुलगा गोड आवाजात, "मॅडम, आपल्या मॉडेलला विंडोजच सपोर्टेड आहे." अहो, तुम्हीच हा लॅपटॉप विंडोजशिवाय विकलात! त्या जोरावर पाच-सहा हजार कमी घेतलेत! बिलावर लिहिलंय! "मॅडम, मी आपली तक्रार नोंदवून घेतो." नोंदवली. नंबर दिला. तोही लांबलचकच होता, तारीख होती की काय कोण जाणे.

शनिवारी डोकं थंड ठेवून शेवटचा प्रश्न घेतला. अपग्रेडच्या आधी हे का दिसत नव्हतं? जर्नलसीटीएलला, म्हणजे यंत्राची नोंदवही दाखवणाऱ्या आज्ञेला, जुन्या दिवसांचा लॉग मागितला. जुलैचा एक दिवस उघडला. चारही ओळी हजर. अकरा, बारा, बग, नॉट फाउंड. जूनमध्येही. म्हणजे हे रोज ओरडत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. अपग्रेड बापडं निर्दोष.

मग कान कुणी बंद केले होते? आठवलं, अपग्रेडच्या मधे पडद्याने विचारलं होतं, ग्रबच्या फायलीत तुम्ही बदल केलेले दिसतात, तुमची ठेवू की नवी घालू? मी एंटर मारत सुटले होते, त्या झपाट्यात बाणाची कळही दाबली जाऊन नवी निवडली असणार. नवी निवडली की जुनी फाइल पुसत नाहीत, नावामागे 'यूसीएफ-ओल्ड' असं शेपूट लावून ठेवतात. शोधली. सापडली. उघडली.

'क्वायट स्प्लॅश'च्या पुढे लॉगलेव्हल बरोबर तीन. म्हणजे तिसऱ्या पायरीचंही पडद्यावर नको. आणि त्याच्यावर, हॅशच्या खुणेमागे (त्यामागचं यंत्र वाचत नाही, ते माणसासाठी असतं), देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घ चोख असलेली एक ओळ. १४ ऑगस्ट २०२२. 'यूएसबीच्या बोंबा आहेत, काही नाही. परत शोधत बसू नकोस.'

घरात देवनागरीत टिपा लिहिणारी आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणारी बाई एकच आहे.

दहा मिनिटं नुसती बघत बसले. मग ती ओळ, टिपेसकट, नव्या फायलीत उचलून ठेवली. अपडेट-ग्रब ही आज्ञा दिली. रिस्टार्ट. पडदा काळा, मग थेट लॉगिन. नवऱ्याने विचारलं, "गेलं का?" म्हटलं, गेलं. मुलाचा रात्री मेसेज आला, काय झालं त्या एररचं? त्याला कळवलंय, कर्नलचं नवं अपडेट आलं, त्यात त्यांनी दुरुस्त केलं. आणि कंपनीच्या तक्रारीचा नंबर मी वहीत जपून ठेवलाय, सोमवारी परत फोन करणार आहे.