कॉलर आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही

आरसी शॉर्ट कोर्स ट्रक (मातीच्या ट्रॅकवरचे रिमोटचे छोटे ट्रक) चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला जसाच्या तसा पुढे पाठवला जातो: "ट्रक वळणावर उलटतोय, उडीनंतर आपटतोय? शॉकच्या कॉलर आवळा, स्प्रिंग कडक होईल. सगळ्यात जाड ऑइल भरा. ट्रक होईल तितका खाली आणा. सगळ्यात मऊ टायर लावा आणि चाकांची भोकं बुजवा." शॉक म्हणजे धक्के सोसणारी, ऑइल भरलेली नळी आणि तिच्याभोवतीची स्प्रिंग; कॉलर म्हणजे नळीवर फिरवून स्प्रिंगचं वरचं टोक खाली सरकवणारी रिंग. यातला पहिला सल्ला तर तिसऱ्याच्या, म्हणजे ट्रक खाली आणण्याच्या, थेट विरोधात जातो, कारण कॉलर आवळली की ट्रक वर उचलला जातो.

१/१० आकाराचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रक घेऊ. ट्रॅक्सासचा २००८ मध्ये आलेला स्लॅश हा या वर्गातला सगळ्यांच्या ओळखीचा.

कॉलर

स्प्रिंग किती कडक हे तिच्या तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या यांवरून ठरतं. कॉलर यातलं काहीच बदलत नाही. एखादी स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ०.४५ न्यूटन लागत असतील, तर कॉलर कुठेही ठेवा, तेवढेच लागणार. त्या कोपऱ्यावरचं ट्रकचं वजनही तेच असल्यामुळे उभ्या ट्रकखाली स्प्रिंग पूर्वीइतकीच दबते. मग कॉलर ३ मिलिमीटर खाली आणल्यावर ते ३ मिलिमीटर जातात कुठे? शॉक तेवढा लांब होतो. चाक १० मिलिमीटर हललं की शॉक ६ मिलिमीटर हलत असेल, तर ट्रक त्या कोपऱ्यात ५ मिलिमीटर वर येतो, आणि चाकाला खाली लोंबायला मिळणारी जागा तेवढीच कमी होते. खड्ड्यात चाक जमिनीला टेकून राहायला हवं, तर नेमकी हीच जागा लागते.

तरीही हाताला ट्रक कडक लागतो, आणि समजूत तिथूनच आली आहे. कॉलर इतकी आवळली की शॉक उभ्या ट्रकखालीही पूर्ण लांबलेला राहिला, तर हलायला सुरुवात करण्यासाठीच जास्त जोर लागतो. त्यापुढे स्प्रिंग पूर्वीसारखीच. मधल्या काळात मागचं चाक छोट्या खळग्यांत जमीन सोडतं आणि वळणातून बाहेर पडताना मागची बाजू निसटते.

कॉलरचं काम एकच, राइड हाइट म्हणजे ट्रकच्या तळाची जमिनीपासूनची उंची लावणं. बॅटरी बसवून ट्रक साधारण १५ सेंटिमीटरवरून सपाट टेबलावर सोडा, स्थिरावू द्या आणि मग चेसिसखाली मोजा. मागचे आर्म (चाक धरणाऱ्या दांड्या) जमिनीला समांतर, ही चांगली सुरुवात. रेससाठीच बांधलेल्या ट्रकमध्ये ओबडधोबड मातीवर २५ ते २८ मिलिमीटर ठेवतात. स्लॅश मुळातच उंच आहे, म्हणून तिथे आकड्यापेक्षा आर्मची पातळी पाहावी. डाव्या-उजव्या कॉलर सारख्या ठेवाव्यात. ट्रक तरी वाकडा उभा राहिला तर कॉलर फिरवण्याआधी दोन्ही शॉकची लांबी मोजा, बहुतेकदा एका बाजूचा रॉड-एंड (शॉकच्या दांड्याच्या टोकाला फिरवून बसवलेला जोड) जास्त आत गेलेला असतो.

खरोखर कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदला. हाताशी दुसरी स्प्रिंग नसेल तर शॉकचं खालचं टोक आर्मवर बाहेरच्या भोकात घ्या. चाकाच्या हालचालीच्या मानाने शॉक किती हलतो, त्या गुणोत्तराच्या वर्गाने चाकापाशी जाणवणारा कडकपणा वाढतो: ०.६० चं ०.६६ झालं तर सुमारे २१ टक्के. यात राइड हाइट बदलते, ती पुन्हा लावावी लागते. पुढची स्प्रिंग कडक केली की पुढचं टोक वळायला नाखूश होतं, मागची मऊ केली की मागे पकड वाढते. चारही बाजू एकदम कडक केल्या तर यातलं काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

ऑइल

जाड ऑइल आपटणं कमी करतं, हे खरं. पण ओळीने खळगे असलेल्या पट्ट्यावर जाड ऑइलमधला पिस्टन (शॉकच्या आत सरकणारी भोकं असलेली चकती) एका धक्क्यातून परत येण्याआधीच दुसरा धक्का येतो. ट्रक दर खळग्यागणिक खाली बसत जातो आणि शेवटी सस्पेन्शन उरतच नाही. म्हणून ऑइलच्या आधी पिस्टनची भोकं पाहायची. लहान भोकं आणि पातळ ऑइल असेल, तर संथ हालचालीत शॉक मऊ राहतो आणि उडीनंतरच्या झटक्यात ऑइल भोकांतून वेळेवर न निघाल्यामुळे घट्ट होतो. मोठ्या उड्यांच्या ट्रॅकला हे जमतं. खळग्यांच्या ट्रॅकला उलट, मोठी भोकं आणि जाड ऑइल.

बाटलीवरच्या वेटवर, म्हणजे ऑइलच्या जाडीच्या आकड्यावरही भरवसा नको. टीम असोसिएटेड या कंपनीचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटीस्टोक (जाडी मोजण्याचं एकक), ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ३० वेगळं असू शकतं, म्हणून सेंटीस्टोकचा आकडाच वहीत लिहावा. शिवाय सिलिकॉन ऑइल उन्हात पातळ होतं: २५ अंशांना ३५० असलेलं ४५ अंशांना सुमारे तीस टक्के पातळ होतं. विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी लावलेला सेटअप डिसेंबरच्या सकाळी जड वाटतो, तो यामुळेच.

भरताना पिस्टन खाली ठेवून ऑइल ओता, दांडा हळूहळू वर-खाली करा आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत दहा मिनिटं शॉक उभा ठेवा. टोपी बसवल्यावर डाव्या-उजव्या शॉकचे दांडे दाबून सोडा, दोन्ही सारखेच परत यायला हवेत. मग ट्रक ३० सेंटिमीटरवरून सोडून पाहा. चेसिस जोरात आपटली तर ऑइल जाड हवं किंवा भोकं लहान. सस्पेन्शन अर्ध्यातच थांबलं तर ऑइल पातळ करा.

उंची

गुळगुळीत, भरपूर पकड असलेल्या ट्रॅकवर ट्रक खाली घेणं बरोबर आहे. तिथे बाहेरचा टायर जमिनीला चावतो आणि ट्रक त्याच्यावरून उलटतो. उपाय म्हणजे २-३ मिलिमीटर खाली घेणं, पुढे अँटी-रोल बार (ट्रकचं एका बाजूला झुकणं कमी करणारी सळई) लावणं, किंवा पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर सीए ग्लूचा (सुपरग्लूचा) पातळ थर देणं. पण मुरमाच्या, उखडलेल्या ट्रॅकवर फार खाली घेतलेल्या ट्रकची चेसिस जमिनीला लागते, त्या क्षणी चाकांवरचा भार जातो आणि स्टिअरिंग नाहीसं होतं.

उडीत नाक वर जाण्याचा उंचीशी संबंध नाही. शॉर्ट कोर्सच्या रुंद बॉडीखाली हवा साचते. बॉडीला मागच्या बाजूला भोकं पाडा आणि हवेत असताना ब्रेकला हात लावा, नाक खाली येतं.

टायर

मऊ रबर म्हणजे पकड, हे अर्धंच खरं. सुट्या मातीत लागतात लांब, विरळ पिना (टायरवरचे रबरी खुंट), ज्या खाली घट्ट थरापर्यंत पोहोचतील. सुकलेल्या कडक मातीवर लांब मऊ पिना दुमडतात आणि ट्रक डुलतो, तिथे बुटक्या, दाट पिना लावाव्यात. तापलेल्या खरखरीत मुरमावर सर्वांत मऊ रबर लवकर झिजतं आणि पिनांची धार गेली की त्याचा फायदाही जातो.

भोकं बुजवण्याचा सल्ला यात सगळ्यात जास्त नुकसान करतो. या टायरमध्ये हवा भरत नाहीत, आतला फोम त्याला आकार देतो. आतली हवा निघायला वाट नसेल तर टायर चेंडूसारखा उसळतो आणि लँडिंगला ग्लूचा जोड सुटतो. समोरासमोर दोन भोकं असावीत. पावसात चाकाऐवजी टायरच्या मधोमध भोकं पाडा, म्हणजे फिरताना पाणी बाहेर फेकलं जातं. ओला फोम जड होतो आणि चाक थरथरतं.

जोड सुटण्याचं दुसरं कारण म्हणजे साच्यातून आलेला तेलकट थर. नवा टायर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग टायरची कड आणि चाकाची खाच अल्कोहोलने पुसा. पातळ सीए ग्लू आधी चार ठिकाणी एकेक थेंब, मग मधली जागा. बाहेरची बाजू सुकल्यावरच आतली. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. शेवटी अंगठ्याने कड सगळीकडून ओढून पाहा. जिथे फट दिसेल तिथे पुन्हा ग्लू सोडा.