ब्रेकची चूक आमची, पण ट्रेल मातीचाच ठेवणार

नमस्कार ताई, आमच्या लहान मुलांच्या सायकल ट्रेलबद्दलचा, म्हणजे मातीच्या सायकल वाटेबद्दलचा, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला होता पण आधी आमच्या इन्स्ट्रक्टरशी बोललो, ती सायकल स्वतः हातात घेऊन बघितली आणि आता लिहायला बसलोय. लेकीचा गुडघा कसा आहे आता?

तुमचं म्हणणं असं की सात वर्षांची मुलगी दोनदा पडली, ब्रेक लागत नव्हता, लहान मुलांचा ट्रेल म्हणून पौडपर्यंत बोलावलं आणि वाटेत नुसती खडी, शेवटी अर्धी वाट सायकल ढकलत आणली, त्यापेक्षा सिमेंटचा ट्रॅक करा.

ब्रेकचं शंभर टक्के बरोबर आहे तुमचं. ती २० इंची सायकल आधीच्या बॅचला दहा वर्षांच्या मुलाकडे होती, तुमच्या लेकीसाठी सीट खाली केली, हेल्मेटचा पट्टा बघितला, पण ब्रेकचा लिव्हर, म्हणजे बोटांनी दाबायची दांडी, त्या मुलाच्या हाताच्या मापाने लावलेला तसाच राहिला. लिव्हरपाशी एक बारीक स्क्रू असतो, तो दोन-तीन आटे फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. मुलाच्या बोटाचं पहिलं पेर लिव्हरवर वाकलं पाहिजे, नुसतं टोक पोचून उपयोग नाही, उतारावर दाबून धरायचं तर टोकात तेवढा जोर नसतो. तिने ब्रेक मारला नाही असं नाही, तिला मारता येईल असा तो आम्ही लावलाच नव्हता. हे तिला नक्की सांगा, आपल्याला जमत नाही असं तिच्या डोक्यात राहायला नको.

टायरही कडक निघाले, हवेचा दाब ३५ पीएसआय. वीस-बावीस किलोच्या मुलाला १८-२० पुरते, जास्त भरली की टायर खडीवरून उड्या मारतो. हीसुद्धा आमचीच चूक.

सिमेंट मात्र नाही करणार, राग मानू नका. सिमेंटवर स्पीड वाढतो आणि पडलं की सालटं निघतं, आणि मातीवर तोल सांभाळायला शिकावं म्हणूनच तर मुलं येतात ना. इम्बा म्हणून माउंटन बायकिंगची संस्था आहे, तिच्या सोप्या म्हणजे ग्रीन ट्रेलला वाट निदान ३६ इंच रुंद आणि सरासरी उतार ५ टक्क्यांच्या आत लागतो, आपली वाट चार फुटी आहे आणि उतारही त्यात बसतो. फक्त चिंचेजवळचा तुकडा जरा जास्त उतरतो, त्यात उन्हाळ्यात मुरूम सुटतो आणि ती तिथेच पडली. तिथली खडी काल झाडून काढली, आता दर शनिवारी काढणार.

बरेच पालक विचारतात पुण्यातली वेताळ टेकडी जवळ असताना इतक्या लांब कशाला. रविवारी सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी, आणि मोठ्यांच्या २९ इंची चाकाला जो दगड कळतही नाही त्याला २० इंची चाक अडकतं.

ढकलत नेण्याबद्दल, भीती वाटली की उतरून चाला असं आम्हीच मुलांना शिकवतो, तिने बरोबरच केलं. पण हे पालकांना निघायच्या आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

फीचे पैसे ज्या नंबरवरून आले त्यावर आज परत पाठवलेत. परत यावंसं वाटलं तर साडेसहाच्या बॅचला या, नंतर ऊन लागतं, लेकीचा लिव्हर मी स्वतः लावून देईन आणि चिंचेपर्यंत तिच्यासोबत चालत येईन.