डागडुजीची डागडुजी

संगणक सुरू होईपर्यंत चहा गार होतो, एवढ्या एका तक्रारीवरून मी गेल्या वर्षी डिस्कची निगा राखणारे एक सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतले. तेव्हापासून डिस्क ठणठणीत आहे. अंथरुण धरले आहे ते त्या सॉफ्टवेअरने.

दर आठ-पंधरा दिवसांनी त्याचे अपडेट येते आणि सोबत एक ठरलेले वाक्य येते : ‘किरकोळ दोष दूर केले, स्थैर्य वाढवले.’ दोष कोणता होता, कधीपासून होता आणि तो असताना आमच्या फायलींचे काय झाले, याविषयी ते वाक्य सरकारी खुलाशाइतकेच मौन पाळते. एकदा मात्र चक्क कबुली आली. मागची सफाई केव्हा झाली हे सॉफ्टवेअर विसरत असे, ते म्हणे आता दुरुस्त केले होते. म्हणजे तोवर दर सकाळी ‘शेवटची सफाई : कधीच नाही’ असे जाहीर करून ते नव्या उमेदीने कामाला लागत होते. मी रागावणार होतो. पण रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे आठवेना म्हणून त्याच आठवड्यात मी ती दोनदा घेतली होती आणि हिने त्यावरून मला पुरेसे ऐकवले होते.

त्या दुरुस्तीनंतर त्याला तारीख आठवू लागली, परंतु संगणक सुरू होताना डिस्क तपासण्याची नवीच खोड लागली. मे महिन्यातल्या एका दुपारी ही तपासणी २७ टक्क्यांवर येऊन थबकली. ‘संगणक बंद करू नये’ असे पडद्यावर लिहिले होते, ते मी तंतोतंत पाळले. नागपूरच्या विजेने पाळले नाही. कूलर आणि संगणक एकदमच गप्प झाले. हिला काळजी कूलरची होती.

शेवटी सीताबर्डीहून दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“काकाजी, यात एसएसडी आहे नं! मीच तर बसवली होती. तुम्ही डीफ्रॅग कायले करून राहिले?”

जुन्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि फाइलचे तुकडे विखुरलेले असले, तर वाचणाऱ्या टोकाला पोहे इतवारीत, तर्री सदरमध्ये अशी वणवण करावी लागते. म्हणून तुकडे एकत्र लावणे, म्हणजेच डीफ्रॅग (माझ्या सॉफ्टवेअरची ती ‘सफाई’), तिथे उपयोगाचे. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क; तिच्यात ना तबकडी, ना टोक. कुठलाही तुकडा सारख्याच वेळात हाती येतो, उलट चिपमधल्या प्रत्येक पेशीचे लिहिण्या-पुसण्याचे आयुष्य ठरलेले असल्याने फुकटची आवराआवर तिला झिजवते. रिकाम्या जागा कळवणारे ट्रिम तिला पुरते, आणि ते संगणक स्वतःच वेळापत्रकाने करत असतो. वर्षभर मी पैसे देऊन डिस्क झिजवत होतो, हे हिला कळू नये म्हणून मी घाईने विचारले, “पंखा चालू आहे ना?”

त्याच्यासमोरच मी ते सॉफ्टवेअर काढायला घेतले. ते निघेना. काढून टाकण्याच्या सोयीत दोष असून तो पुढील अपडेटमध्ये दूर होईल, असे त्याने नम्रपणे कळवले.

आता त्या अपडेटची मी प्रथमच आतुरतेने वाट पाहतो आहे. पोळ्यापर्यंत आले तर ठीक. नाही तर दुसऱ्या दिवशी महाल भागात, पिडा घालवणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत जाऊन ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणणाऱ्या गर्दीत यंदा माझाही आवाज असेल.