खुलासा: कबड्डीवर अमेरिकेत शिष्यवृत्ती?

‘जिल्हास्तरावर कबड्डी खेळलेल्यांना अमेरिकेतल्या कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्ती, आधी नोंदणी फी भरा’ असा मेसेज जळगाव, धुळ्याच्या पालकांमध्ये फिरतोय. तो खोटा आहे. तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए. तिच्या खेळांत कबड्डी नाही, खो-खो नाही, आपलं लाडकं क्रिकेटसुद्धा नाही. हार्वर्ड, येल धरून आयव्ही लीग या नामांकित गटातली आठही विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मदत मिळते ती घरचं उत्पन्न बघून. चांगल्या धावपटूला इतरत्र संधी आहे, पण शाळेचे गुणही तपासतात. तिथल्या प्रशिक्षकाला आपली धावण्याची वेळ आणि व्हिडिओ थेट ईमेलने पाठवता येतो, मध्ये एजंट लागत नाही. अमळनेरकडच्या एका पालकांनी कापसाच्या पैशातून भरलेल्या फीची पावती दाखवली. शिक्का ठसठशीत, कॉलेजचं नाव मात्र कुठेच नाही.